सुम्नेचा क्लास

शनिवारी संध्याकाळी मी म्हैसूरच्या आमच्या कॉलनीतल्या पार्कात एकटी गेले. एकटी! कडेवर कोणी नाही, बोट धरून कोणी नाही, पर्समध्ये डायपर नाही... घरात दोन लहान मुलं असलेल्या बायकांना यातला आनंद वेगळा सांगायला नको.

आम्ही नाशिकहून इथे नवीनच आलोय. नवऱ्याची नोकरी जवळच्याच कडकोळला, मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा आणि माझं कन्नड भाजीपुरतं. वरच्या मजल्यावर गिरिजक्का राहतात. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या म्हैसूरचं, पण घरात अजून मराठी... अर्थात निम्मं कन्नड मिसळलेलं.

मागच्या आठवड्यात त्या जिन्यात भेटल्या. माझा अवतार बघून म्हणाल्या, "अय्यो, काय गं ही दशा! शनिवारी पार्कात ये की. आम्ही चौघी जमतो." मी विचारलं, तिथे काय करता? "सुम्ने!" असं म्हणून त्या वर निघूनही गेल्या.

सुम्ने... मला वाटलं, झुंबासारखं काहीतरी असणार. नाहीतर योगाचा एखादा प्रकार असेल, म्हैसूर आहे शेवटी, योग शिकायला लोक परदेशातून येतात इथे! नवऱ्याला सांगून टाकलं, शनिवारी माझा सुम्नेचा क्लास आहे, मुलं तुझ्याकडे. क्लास म्हटल्यावर तो लगेच हो म्हणाला.

तर शनिवारी ट्रॅक पँट, स्पोर्ट्स शूज, खांद्यावर योगा मॅट अशी मी जय्यत तयारीत हजर. बघते तर काय... झाडाखालच्या बाकांवर चौघी चपला काढून निवांत बसलेल्या. कोणी बोलत नव्हतं, कोणी मोबाइलही बघत नव्हतं.

मी विचारलं, क्लास कधी सुरू होणार? "कसला क्लास?" "सुम्नेचा..." मग जो काही हशा पिकला! सुम्ने म्हणजे कन्नडमध्ये 'असंच, उगीच, काही न करता', हे मला तेव्हा कळलं.

हसले मीही, पण आतून खट्टू झाले. आठवडाभर याची वाट बघितली होती? मग डोकं चालायला लागलं... तासभर हातात आहे, मंडी मोहल्ल्याच्या बाजारात जाऊन लेकीचे शाळेचे बूट आणता येतील, येताना भाजी होईल. लेकीचे बूट आणायचेत म्हणत मी मॅट उचलून निघालेच.

गिरिजक्कांनी हात धरून खाली बसवलं. "बूट पळून जातात काय? बाळ रडलं की उगी उगी म्हणतेस ना, मला वर ऐकू येतं. सुम्ने म्हणजे तेच की गं. तुला उगी कोण म्हणायचं मग? बस सुम्ने."

आपल्याकडे नुसतं बसलं की 'उगाच बसलीयस' असं ऐकायची सवय... 'उगी बस' असं प्रेमानं कधी कोणी म्हटल्याचं आठवेना.

मग मीही बूट काढले. आधी कुकर, दूध, उद्याचा डबा असं सगळं डोक्यात फिरत राहिलं आणि मग हळूहळू थांबलं. घसरगुंडीपाशी कोणाचं तरी पोर पडून रडायला लागलं आणि मी उठले नाही! त्याची आई धावली. इतकं भारी वाटलं ना...

घरी आले तर नवऱ्याच्या शर्टवर वरणभात आणि चेहऱ्यावर बारा वाजलेले. त्यानं विचारलं, काय शिकवलं आज? क्षणभर वाटलं, सांगावं दोन-चार आसनं. क्लासला सुट्टी मिळते, नुसतं बसायला कोण देणार? पण खोटं बोलवेना. म्हटलं, काही नाही, तासभर नुसती बसून आले.

त्यानं शर्टवरचा भात झटकला. मग म्हणाला, "यांची रविवारची बॅच असते का गं? मला घालशील?"

हसून हसून पोट दुखलं माझं! ठरलंय आता... शनिवार माझा, रविवार त्याचा. गिरिजक्का, तुमचे किती आभार मानू? येत्या शनिवारी मी पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी कोणालाही कारण न सांगता.