गारीला हसावं लागतं

डिलेश्वरी लग्नाच्या मांडवात शिरली की आधी पाहुण्यांच्या पायांकडे बघायची. कुणाची टाच उललेली, कुणाचा बूट उसना आणलेला. "तोंड खोटं बोलते, पाय नाही बोलत," असं म्हणायची. वरपक्ष जेवायला बसला की त्या पायांपासूनच तिची गारी सुरू व्हायची. आमच्या आमगावकडे वधूकडच्या बायका पंगतीतल्या पाहुण्यांना नाव घेऊन गाण्यातून शिव्या घालतात, ती गारी. ज्याचं नाव येईल त्यानं रागवायचं नाही, हसायचं, एवढाच नियम. डिलू जागच्या जागी कडवं रचायची आणि मी मागून तीच ओळ उचलून झील धरायची. तसा गळा मी पुन्हा ऐकला नाही आणि तशी जीभही नाही.

तिला मात्र स्वतःची गाणी काढायची होती, स्वतःच्या नावानं. गोंदियाच्या एका छोट्या स्टुडिओत तिनं पहिलं गाणं केलं, तलावाच्या पाळीवर एकट्या बसलेल्या बाईचं. इतकं हळवं की झील धरताना माझाच आवाज अडखळला. ते इंटरनेटवर टाकलं, पण आम्हा दोघींशिवाय कुणी ऐकलं नसावं. दुसऱ्याचीही तीच गत. स्टुडिओवाला म्हणाला, "सुर अच्छा है बेटी, पर इस पे नाचेगा कौन?" आमगाव स्टेशनात उतरल्यावर डिलू म्हणाली, "आता गारीच काढतो."

गारीला माणूस लागतो. स्टुडिओत समोर पाहुणे नव्हते, म्हणून तिनं घरचंच माणूस घेतलं, थोरली बहीण भुमेश्वरी. नवरा मारायचा म्हणून भुमाताई माहेरी परतली होती. तिच्या पाठीला हळद डिलूनंच लावली होती. आणि गाणं केलं काय, तर:

"भुमेश्वरी बाई नांदाले गेली, नांदणं इसरून आली गं."

निदान नाव तरी बदल, म्हणून मी तिच्या हातापाया पडले. भुमाताईला सडक अर्जुनीचं स्थळ आलं होतं. बिजवर होता, पण माणूस भला होता. डिलू म्हणाली, "नाव काढलं त गारी कायची?" मी नाही म्हटलं, तर तिनं दुसऱ्या मुलीकडून झील भरून घेतली.

गाणं तुफान चाललं. गावोगावच्या वराती त्यावर नाचल्या. सडक अर्जुनीचे पाहुणे बघायला आले त्या दिवशी मी मदतीला गेले होते. भुमाताई पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली आणि मुलाच्या मामीचा फोन वाजला. तेच गाणं. मामीनं फोन बंद केला आणि भुमाताईला नाव विचारलं. तिनं सांगितलं. मग भुमाताई हसली. गारीला हसावं लागतं, एवढंच बिचारीला ठाऊक. पाहुणे पोह्यांना हात न लावता उठले, ते परत आलेच नाहीत. मी आत जाऊन रडत होते, तर डिलू जवळ येऊन हळूच विचारते, "मामीच्या फोनवर आवाज साफ येत होता ना?" त्या क्षणी ती माझ्या मनातून उतरली. तिचा राग मला अजूनही येतो.

पुढे ती रायपूरला गेली, नाव कमावलं. यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला आली. पंगत बसली, डिलूही पानावर होती. बायकांनी गारीचा आग्रह धरला आणि डिलूनं घसा साफ केला. एवढ्यात भुमाताईनं हातातली भाताची परात खाली ठेवली. जन्मात कधी गायली नव्हती ती.

"डिलू आता पाहुणी हाये," ती म्हणाली. "गारी पाहुण्याले रायते."

आणि तिनं बेसूर, चिरक्या आवाजात सुरू केलं:

"डिलेश्वरी बाई बाजारी गेली, बहीण इकून आली गं."

सगळा मांडव डिलूच्या हसण्याची वाट बघत थांबला. तिचा हात पत्रावळीवर तसाच राहिला. ओठ हलले, पण हसू काही येईना. भुमाताई पुढची ओळ शोधत उभी होती आणि तिच्या मागे गायला कुणी नव्हतं.

मी पदर खोचला आणि झील धरली.