विज्यानं अर्धी सोडलेली काळी गाडी

माझे वडील विज्यासाठी रडले.

आजी गेली तेव्हा नाही. मी ॲक्सिडेंट होऊन हॉस्पिटलात पडलो तेव्हाही नाही. रिटायर्ड फौजी माणूस. पण विज्यासाठी भर अंगणात, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडले.

मला वाईट वाटलं. आणि खरं सांगू? हेवा वाटला.

विजय. आमचा विज्या. कडेगावजवळचं आमचं गाव एकच, शाळेतला वर्गही एकच. गाड्यांना मशीन पॉलिश करायचं काम आम्ही दोघं पुण्यात एकाच गॅरेजमध्ये शिकलो.

मी सांगलीत विश्रामबागला दुकान टाकलं. काचा, एसी, छतभर लाईट.
त्यानं गावातच रस्त्याकडेला पत्र्याचं शेड मारलं.

आणि सांगलीतली माणसं माझ्या दुकानावरनं गाड्या पुढं काढून त्याच्याकडं जायची!

मशीन तेच. फोमचे पॅड तेच, आधी कडक, मग मऊ. घासायचं कंपाऊंडसुद्धा आम्ही एकत्र मागवायचो. तरी काळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात ना, ते माझ्या हातनं थोडे राहायचेच. त्याच्या हातनं नाही.

"काय येगळं करतोस रं?" एकदा चिडून विचारलं.

"काय न्हाई गड्या. पॅड भरला की धुतो. आन् दाबत न्हाई. तू लय दाबतोस."

मी दाबत नव्हतो.

दादांची, म्हणजे वडिलांची, जुनी गाडी मी पॉलिश करायला कितीदा मागितली. "ऱ्हाऊ दे, तुला कामं असत्यात," म्हणायचे.

एका रविवारी गावी गेलो तर ती गाडी विज्याच्या शेडमध्ये. शेजारी दादा चहा पीत खो खो हसतायत.
मला बघितलं आणि हसू थांबलं.
"कवा आलास?"

त्याच दिवशी विज्या मला म्हणाला, "दादा लडाखला बर्फात अडकलं हुतं, ते सांगितलंय का न्हाई तुला?"

नव्हतं सांगितलं.
माझ्या बापाची गोष्ट मी विज्याच्या तोंडून ऐकली.

आणि गेल्या आठवड्यात एका दुपारी जेवता जेवता विज्याच्या छातीत दुखायला लागलं. कराडला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

परवा त्याच्या बायकोचा फोन आला.

"भावोजी, शेडमदी एक काळी गाडी हाय. ह्यांनी अर्धीच केलीया. लग्नाची गाडी हाय, त्यांचं खोळंबलंय. तुमी करता का? दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार न्हाई."

गेलो.

बॉनेट आणि डावी बाजू झालेली. त्याचे पॅड धुऊन दोरीवर वाळत घातलेले. त्यांना हात लावला नाही. माझे नेले होते.

थोड्या वेळानं दादा आले. दाराशी उभे राहिले.

उरलेली गाडी मी केली. हलक्या हातानं, पॅड धूत धूत. एवढा जीव मी माझ्या स्वतःच्या गाडीला कधी लावला नसेल.

उन्हं कलायच्या आत गाडी बाहेर काढली.

"दादा, त्यानं कुठवर केलीय आणि मी कुठनं, कळतंय का?"

दादांनी गाडीला एक फेरी मारली. वाकून बघितलं. उजव्या दरवाज्यापाशी थांबले.

"कळतंय," म्हणाले. "त्याचा हात येगळा हुता रं."

मग गाडीवाला आला. "एक नंबर झालीया," म्हणत खुशीत घेऊन गेला. त्याला काहीच कळलं नाही.

पण दादांना कळलं होतं. आणि मलाही.


आज तुझा दहावा झाला.

सुखानं जा, विज्या.
इथं एक माणूस अजून तुझ्यावर जळतोय.