चार मागितले, पाचवं कोठून आलं?

आधीच सांगून देते, भूतबित मी मानत नाही. आउटपुट चुकला म्हणजे कोड चुकला, बस. पण हे वाचा अन् सांगा माझं काय चुकलं... कारण इथं सगळे मलेच शहाणपण शिकवून राहिले.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात जूनमध्ये सारस पक्षी मोजतात. सकाळी सकाळी धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या शेतांत उभं राहून. तिरोड्याकडची सोळा ठिकाणं आमच्याकडं, टोळ्या चार. आमचे प्रमुख नितेशभाऊ याद्या हातानं करत, मग एकच तलाव दोन टोळ्यांले जाई. म्हणून मी शेल स्क्रिप्ट, म्हणजे याद्या पाडणारा छोटा प्रोग्राम लिहिला. सगळी नावं एका अ‍ॅरेत ओळीनं, अन् त्यातून चार-चारचा तुकडा कापायचा. कुठून कापायचं तो आकडा एका व्हेरिएबलमध्ये, किती कापायचं तो दुसऱ्यात. भाऊ म्हणाले, गडबड झाली तर पुढच्या वर्षीपासून हातानंच.

आदल्या संध्याकाळी चालवली. पहिली टोळी चार, दुसरी चार, तिसरी... पाच! पाचवं नाव कोसमबोडी. बोडी म्हणजे लहान तलाव, पण या नावाचा मी ऐकलाच नव्हता. फाईलमध्ये शोधलं — नाही. व्हेरिएबल छापून पाहिला — चारच. अन् जाणकारांनो थांबा, कोट्स लावले होते! व्हेरिएबल काढून थेट आकडे लिहिले, आठ सोडून पुढचे चार, तर बरोबर चार नावं. परत व्हेरिएबल टाकले... कोसमबोडी.

भाऊंनी पेनानं नाव खोडलं. "उद्यापासून लॅपटॉप घरी ठेव," एवढंच बोलले.

तिसऱ्या टोळीत मीच होते. सकाळी चारही ठिकाणं झाली, पण डोकं तापलेलंच. बांधावर एक म्हातारे बाबाजी बसून होते, त्यांले विचारलं, कोसमबोडी कुठं आहे म्हणून. त्यांनी उलट मलेच विचारलं,

"हे नाव तुले कोनं सांगतलं, बाई? कोसमाचं झाड पडलं, तवापासून कोनी घेत नाही हे नाव."

त्यांनी हात केला तिकडं गेलो. बेशरमाच्या झुडपांमागं गुडघाभर पाणी, अन् त्यात सारसाची जोडी! एकाही यादीत नसलेली.

अन् भाऊ काय म्हणाले? "तुले आधीच माहीत होतं. कायले नाटक करून राहिली?" फॉर्मवर लिहिलं, 'स्थानिक माहितीवरून'. अरे, मी गोंदिया शहरातली, त्या बाजूला पहिल्यांदा गेले! कोणती स्थानिक माहिती?

त्यानंतर तीच फाईल, तेच व्हेरिएबल, कितीदा चालवलं... दरवेळी चारच. चूक असती तर कबूल केली असती. पण जे नाव मी जन्मात ऐकलं नाही, ते मी टाकलं कसं?  तुम्हीच सांगा, भाऊ तर ऐकतच नाहीत.