बोटांना कळणारी माती

आमचं खातं मातीचं. गावोगाव फिरायचं, खड्डा खणायचा, त्यात उतरायचं आणि वरपासून तळापर्यंत माती कशी आहे ते एका फॉर्मवर लिहायचं. फॉर्मला रकाने भरपूर. रंग, पोत, ओल, चुना, मुळं, दगड, निचरा. पण खड्ड्याच्या काठावर उभं राहून लोक जे बोलतात त्याला रकाना नाही. त्यामुळे रिपोर्ट वर जातो आणि किस्से आमच्या जीपमध्ये उरतात. ते काढून टाकायला कुणाला सवड नाही, म्हणून साठत गेले.

जीपमध्ये आम्ही चौघं. वानखडे साहेब आमचे प्रमुख, रिटायरमेंटला सहा महिने राहिलेले. रफिकभाई ड्रायव्हर. सुखदेव इंगळे खड्डे खणणारा, साहेबांबरोबर बावीस वर्षं. आणि मी मनीषा, मलकापूरची, सगळ्यांत नवी, म्हणून फॉर्म भरणारी.

०००

आमचा खड्डा लांबीला माणसाएवढा, खोलीला छातीच्या वर आणि कडा अगदी सरळ. पहिल्यांदा बघणाऱ्याला एकच शंका येते.

पिंपळगाव राजाच्या शिवारात सुखदेव खणत होता. शेळ्या घेऊन एक आजी आली, काठावर उभी राहिली आणि हळहळून म्हणाली, "कोन गेलं रे बाप्पा?"

सुखदेवनं घाम पुसला. "अजून ठरलं नाही, आजी."

आजीनं आम्हा चौघांकडे एकेक करून नीट पाहिलं. साहेबांच्या पांढऱ्या केसांवर तिची नजर थांबली.

"मंग एवढी घाई काऊन करून राह्यले?"

सगळ्यांत जास्त साहेबच हसले. "बरोबर हाय तिचं," म्हणाले, "मले अजून सहा महिने हायेत."

०००

मी रुजू झाले त्या दिवशी साहेबांनी खड्ड्यातून चिमूटभर माती काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "दाताखाली धर."

कृषी महाविद्यालयात मला सुवर्णपदक होतं, पण माती कुणी खायला लावली नव्हती. धरली.

"काय वाटते?"

"जराशी खारट आहे सर."

"चव नाही इचारली. करकर होते का ते सांग. करकरली तं रेती."

सुखदेव खड्ड्यातून म्हणाला, "पहिल्या दिवशी म्या तं गियली होती, ताई."

०००

साहेबांच्या बोटांची ख्याती जिल्ह्याबाहेर होती. मातीची गोळी ओली करायची, अंगठा आणि बोटामध्ये दाबत तिची पट्टी काढायची, पट्टी किती लांब जाऊन तुटते ते बघायचं, आणि मग सांगायचं की हिच्यात चिकणमाती शंभरात किती. हे सगळेच करतात. पण आम्ही 'तीस ते चाळीस' म्हणतो आणि सुटतो. साहेब 'चौतीस' म्हणायचे.

एकदा लॅबनं छत्तीस लिहून पाठवलं. साहेबांनी त्याच कागदावर लाल शाईनं 'पुन्हा तपासा' लिहून कागद परत धाडला. आठवड्यानं उत्तर आलं, चौतीस. खाली लॅबवाल्यानं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'साहेब, तुमची बोटं इकडेच पाठवा, मशीन बंद करून टाकतो.'

तो कागद साहेबांनी फाईलला लावला नाही. खिशात ठेवला. मी पाहिलं.

०००

मातीचा रंग ठरवायला आमच्याकडे एक पुस्तक असतं. पानोपानी तपकिरी, पिवळट, तांबूस रंगांचे छोटे चौकोन. ढेकूळ त्याशेजारी धरायचं आणि जुळणारा चौकोन शोधायचा.

एका शेतकऱ्यानं घर बांधायला काढलं होतं. त्यानं ते पुस्तक माझ्या हातातून घेतलं, बांधावर बसून सावकाश चाळलं, बायकोला बोलावून दाखवलं. दोघांचं एकमत झालं. एका गडद तपकिरी चौकोनावर बोट ठेवून तो म्हणाला, "हा द्या, बैठकीले."

मी समजावून सांगणार तेवढ्यात साहेबांनी पुस्तक घेतलं, चौकोन पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, "हा ओला असतानाचा हाय. वायला की फिका पडते. मंग मले बोलसान."

०००

मातीची नवी जात सापडली की जिथे तिचं पहिलं वर्णन लिहिलं जातं, त्या गावाचं नाव तिला मिळतं. आमची ही जुनी रीत. पुढे कुणी शंभर कोसांवर तीच माती पाहिली तरी नाव त्या गावाचंच.

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात आम्ही हे सरपंचांना सांगितलं. सरपंच हरखले. चहा आला, पोहे आले, मारुतीच्या पारावर सतरंजी अंथरली गेली. आपल्या गावाचं नाव सरकारी नकाशावर कायमचं लागणार हे त्यांनी दोन वेळा माईकवरून सांगितलं. मग सहज साहेबांना विचारलं, "पन मातीचे गुन काय हायेत?"

साहेब खोटं बोलत नाहीत. "वीतभर खोल. खाली मुरूम. पानी धरत नाही. जिल्ह्यातली सगळ्यात हलकी."

सरपंचांनी माईक बाजूला ठेवला. मग सतरंजीवर साहेबांकडे सरकले आणि हळूच म्हणाले, "साहेब, पलीकडच्या गावात माहे इवाई राह्यतात. त्याईच्या गावाचं नाव टाकता येईन का?"

इवाई म्हणजे व्याही. पोरीच्या लग्नातला काहीतरी जुना हिशेब असावा.

०००

आता हसणं थोडं बाजूला ठेवते.

साहेबांच्या नावावर पुष्कळ काम आहे, पण त्यांना एक माती हवी होती. खोल, चांगल्या निचऱ्याची, चिकण पोयटा. म्हणजे काळ्या रानासारखी पाणी धरून फुगणारी नाही आणि बरडासारखी पाणी सोडून देणारीही नाही, मधली. आणि ती नांगर न लागलेली हवी होती. अशी जमीन कुणी पडीक ठेवत नाही, नांगराखाली तिचे वरचे थर कधीच एक झालेले असतात. आमच्या कमी पावसाच्या भागात ती अनघड सापडणं अवघड. सापडली ती लोणारकडच्या एका गावाच्या कुरणात. पिढ्यान्‌पिढ्या तिथे फक्त गवत, पवन्या आणि मारवेल, आणि आमच्या मोज्यांचा जीव घेणारं कुसळ. गावानं ते कुरण कधी मोडू दिलं नाही.

साहेब म्हणाले, "जायच्या आधी हिचं वर्णन माह्या हातून झालं पाहिजे. नीट."

पहिल्या खड्ड्यात साहेब उतरले. प्रत्येक थराची गोळी केली, पट्टी काढली आणि वरपासून खालपर्यंत एकच सांगितलं, भारी चिकणमाती. मी लिहिलं. लॅबचा कागद आला, चिकण पोयटा. फरक थोडाथोडका नव्हता. साहेबांनी सवयीनं लाल शाईनं 'पुन्हा तपासा' लिहिलं. पुन्हा तोच आकडा आला.

साहेबांनी कागदाची घडी केली. "लॅब बरोबर हाय," म्हणाले.

रफिकभाईंनी जीपमधली गाणी बंद केली.

०००

त्याच आठवड्यात लोणारच्या टपरीवर चहाला थांबलो होतो. चहा इतका गरम होता की सुखदेव आणि मी ग्लास कडेनं, दोन बोटांत धरून हात बदलत होतो. साहेब बोलत होते. ग्लास त्यांनी पूर्ण मुठीत धरला होता.

रफिकभाई बघत राहिले. मग म्हणाले, "साहब, हात नहीं जल रहा?"

साहेबांनी मुठीकडे पाहिलं. ग्लास खाली ठेवला. बोटांची टोकं लाल झाली होती. ती त्यांनी अंगठ्यानं एकेक दाबून पाहिली, जशी माती पाहतात तशी.

"शुगर," एवढंच म्हणाले. "डॉक्टर म्हनला होता, होते असं."

मला फार वाईट वाटलं. सुखदेवनं उठून साहेबांचा ग्लास उचलला, दुसऱ्या ग्लासात ओतून निववून आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

जाताना मी साहेबांना म्हटलं, "सर, लॅब आहेच की."

"लॅब पिशवीतली माती तपासते," साहेब म्हणाले. "पिशवीत कोन्त्या थराची भरायची ते खड्ड्यातच ठरते. एक थर कुठी संपला ते हाताले नाही कयलं तं दोन थर एका पिशवीत जातात. मंग लॅब बिचारी काय करन?"

०००

कुरणातला शेवटचा खड्डा. याच्या वर्णनावरून नवी जात नोंदवली जाणार होती, म्हणजे पुढे सगळे याच कागदाशी आपली माती ताडून बघणार. साहेब सकाळीच उतरले. वरच्या थराची माती घेतली, पाणी टाकलं, गोळी केली. अंगठा फिरत राहिला. मी काठावर फॉर्म घेऊन बसले होते, पोताच्या रकान्यावर पेन ठेवून.

शेवटी साहेब म्हणाले, "सुखदेव, खाली ये."

सुखदेव उतरला. साहेबांनी ती गोळी त्याच्या तळहातावर ठेवली.

"मले काय कयते साहेब? मी खंदनारा मानूस."

"बावीस वर्षं खंदून राह्यला. सांग."

सुखदेवनं माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. मग अंगठ्यानं दाबत पट्टी काढली. पट्टी बोटापुढे थोडी गेली आणि तुटली. त्यानं कानाशी चोळून पाहिलं, चिमूट दाताखाली धरली.

"चिकन हाय, पन हट्टी नाही," तो म्हणाला. "बोट धरते अन् सोडते. रेती हाय थोडी. पानी पेईन, पन साचू देनार नाही."

"लिही, मनीषा," साहेब म्हणाले. "चिकण पोयटा. निचरा चांगला."

मग दुसरा थर. मग तिसरा. तिसऱ्याला सुखदेवनं कुदळीचं टोक लावून सांगितलं, "इथसा बदलते, साहेब. डोयाले दिसत नाही, पन कुदय जड होते." साहेबांनी तिथे सुरीनं रेघ मारली. पाच थर झाले. सुखदेव त्याच्या बोलीत सांगायचा, साहेब आमच्या भाषेत सांगायचे, मी लिहायची. साहेबांनी एकदाही त्याचं खोडलं नाही.

वर येऊन साहेबांनी माझ्याकडून फॉर्म घेतला. सगळ्यांत खाली रकाना असतो, 'वर्णन करणारा'. तिथे त्यांनी सावकाश अक्षरात 'सुखदेव इंगळे' असं लिहिलं आणि फॉर्म माझ्याकडे दिला.

महिन्याभरानं लॅबचा कागद आला. पाचही थर जुळले होते. नवी जात मंजूर झाली, पण वरच्या ऑफिसातून एक शंकापत्र सोबत आलं. 'वर्णन करणाऱ्या व्यक्तीचे पद आणि शैक्षणिक पात्रता नमूद केलेली नाही. तातडीने कळवावे.'

साहेबांचे ऑफिसातले शेवटचे चार दिवस राहिले होते. त्यांनी शंकापत्र दोन वेळा वाचलं, मग लाल शाईचं पेन मागवलं आणि त्याच कागदावर खाली उत्तर लिहिलं.

'पद : मजूर. पात्रता : खड्डा क्रमांक एकपासून आजपर्यंत.'