कालव्याच्या पुलावरचा गिअर

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी भुताखेतातला माणूस नाही. कोल्हापुरात कळंब्याच्या रस्त्याला माझं गॅरेज आहे, आणि गेली पंचवीस वर्षं मी गिअरबॉक्स उघडतोय. "गाडीत कायतरी हाय, बाहेरचं हाय" म्हणत येणारं गिऱ्हाईक मी स्कॅनर लावून गप्प केलंय. बहुतेक वेळा एखादा सेन्सर असतो, नाहीतर उंदरानं वायर कुरतडलेली असते. त्यामुळं हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहितो.

माझा थोरला भाऊ, दादा, बिद्रीच्या अलीकडच्या आमच्या गावात दुधाचा टेम्पो चालवायचा. गावाच्या तोंडाशी कालव्याचा पूल आहे. तिथून आमचं घर उसाच्या पलीकडं, अर्धा किलोमीटर. संध्याकाळी दूध घालून परत येताना दादा त्या पुलावर न चुकता चौथ्यातून थेट दुसरा गिअर टाकायचा. इंजिन असं बोंबलायचं की घरात वहिनीला ऐकू जायचं, आणि ती चहा टाकायची. तो दारात उतरेपर्यंत चहा उकळलेला! मोबाईल आले तरी हा उद्योग थांबला नाही. त्यापायी मी तीनदा क्लच प्लेट बदलली, दरवेळी त्याला शिव्या घातल्या. तो म्हणायचा, "तुझ्या वैनीला कळाय नगं व्हय?"

पुढं त्याचा डावा गुडघा गेला, क्लच दाबवेना. टेम्पो काढून टाकायला लावला मीच, आणि ऑटोमॅटिक गाडी घे म्हणून मागंही लागलो मीच. शोरूममध्ये गाडीत बसून त्यानं सगळी बटणं दाबून बघितली आणि मला हळूच म्हणाला, "समदं खरं, पर हिचा आवाज घरापतोर जातोय का?" मी मोठ्यानं हसलो. आता ते हसणं आठवलं की जीव नकोसा होतो.

गाडी यायला दोन महिने लागणार होते. त्याआधीच एका रात्री झोपेतच दादा गेला. गाडी आली ती त्याच्या दिवसकार्यानंतर. म्हणजे लक्षात घ्या — दादानं ती गाडी एक फूटसुद्धा चालवलेली नाही. ती चालवते माझी पुतणी, दादाची पोरगी स्नेहल. कोल्हापुरात नोकरी करते, रोज जाऊन-येऊन.

दोनेक महिन्यांनी स्नेहल गॅरेजवर आली. म्हणाली, काका, गाडी संध्याकाळी घरी जाताना एकाच जागी आपोआप गिअर पाडते, हिसका बसतो, इंजिन ओरडतं. कुठं, तर कालव्याच्या पुलावर. मी म्हटलं, चढ असेल. सपाट पूल आहे, हे मला माहीत असून म्हटलं.

स्कॅनर लावला. एकही फॉल्ट कोड नाही. ऑइल स्वच्छ, सॉफ्टवेअर नवं. हे नवे गिअरबॉक्स चालवणाऱ्याचा पाय ओळखून शिकतात, हे खरं आहे. कुणी ॲक्सिलरेटर जोरात दाबत असेल तर तसे गिअर टाकतात. पण त्याला पाय कळतो, पूल कळत नाही. म्हणून लॅपटॉप जोडून, गिअर आणि इंजिनच्या फेऱ्यांचं, म्हणजे आरपीएमचं, रेकॉर्डिंग चालू ठेवून मी स्वतः गाडी गावाकडं घेतली. शेजारी स्नेहल. काचा बंद, एसी चालू.

पुलावर आलो. माझा पाय ॲक्सिलरेटरवर नुसता टेकलेला. आणि हिसका बसला — चौथ्यातून दुसरा. इंजिन उठलं. तो आवाज पेट्रोल गाडीचा नव्हताच, हो... जड, घोगरा, डिझेल टेम्पोचा. मी तो आवाज इतकी वर्षं ऐकलाय. स्नेहलनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं नाही.

घरी पोचलो तर गॅसवर चहा उकळत होता. आम्ही येणार हे कुणी कळवलं नव्हतं. वहिनी दारात उभी. मी रेकॉर्डिंग उघडलं. त्या मिनिटाला गाडी चौथ्या गिअरमध्येच होती. आरपीएमची रेघ बांधासारखी सरळ.

वहिनीनं कप हातात दिला आणि म्हणाली, "भावजी, तेवढं बंद करून द्या. रोज उठतीया मी. चहा टाकती, आन् दारात पोरगी एकटीच उतरती. सोसत न्हाय आता."

दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्सची सगळी शिकलेली मेमरी पुसली. माझ्या धंद्यात याला रिसेट म्हणतात, पाच मिनिटांचं काम. त्या दिवसापासून गाडी पुलावरून गुपचूप जायला लागली. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

पंधरा दिवसांनी वहिनीचा फोन. ती स्वतःहून कधी फोन करत नाही. आधी पावसापाण्याचं बोलली. मग हळूच म्हणाली, "भावजी, ते परत जोडता येतंय का?"

मी म्हटलं, "येतंय की."

खोटं बोललो. काय जोडणार होतो? मुळात तिथं काही नव्हतंच. पण रविवारी संध्याकाळी स्नेहलकडून गाडी घेतली आणि एकटाच निघालो. पुलाच्या अलीकडं गिअरचा लिव्हर मॅन्युअलला, म्हणजे हातानं गिअर टाकता येतो तिथं घेतला, आणि दादा टाकायचा तसाच, बरोबर त्याच जागी, दुसरा टाकला. वर ॲक्सिलरेटरही दाबला. इंजिन चांगलंच ओरडलं. काचाही उघड्या ठेवल्या होत्या.

घरी पोचलो. वहिनी पायरीवर मेथी निवडत बसलेली. गॅस बंद.

"ऐकू आलं न्हाय?" मी विचारलं.

"आलं की," ती म्हणाली. मान वर केली नाही. "तुमचा हुता त्यो. ह्यांचा न्हाय."

मग उठून तिनं माझ्यापुरता चहा टाकला. मी तो उभ्यानंच प्यायलो, आणि रडलो. ती पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

कंपनीच्या माणसालाही रेकॉर्डिंग दाखवलं, तो म्हणाला गाडी एकदम ओके आहे. ते मलाही दिसतंय. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा, फक्त सेन्सर तपासा म्हणू नका.

आता दर रविवारी स्नेहलची गाडी मागून घेतो आणि गावी जातो. पूल आला की एसी बंद करतो, काच खाली घेतो, ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवून ठेवतो. लिव्हरला हात लावत नाही.