मिलिटरीची दारू

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कधी दारू प्यायलेली नाही, तरी हिवाळा आला की "दारू कुठं मिळते का?" असं ते भेटेल त्याला विचारत सुटतात. त्यांना हवी असते बंदुकीची दारू. मुरबाडच्या आमच्या गावात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची त्यांची एक ठासणीची बंदूक आहे, त्यांच्या वडिलांपासूनची. आबा तिच्यात छर्रे कधीच भरत नाहीत. भात निघाल्यावर लावलेल्या वालात रानडुकरं शिरली की नुसता बार काढून त्यांना घाबरवायचं, एवढंच तिचं काम. सासूबाईंच्या मते तेही तिला जमत नाही. "बार झाला का डुकरं मान वर करून बघतात, आनी परत खायाला लागतात," असं त्या आल्यागेल्याला सांगतात.

निवडणूक लागली की ही बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. ती घरी येईपर्यंत आबांचं जेवणात लक्ष नसतं. एकदा मी म्हटलं, "आबा, मी माहेरी गेल्यावर तुम्ही एवढी वाट बघत नाही."

"तू परत येतेसच गो," आबा अगदी गंभीरपणे म्हणाले. "तिला कोनी बदलून दिली मंजे?"

दारू ते कल्याणच्या एका परवानाधारक दुकानातून आणतात, आणि आणली की तिला नावं ठेवतात. बार फुसका झाला की दोष दारूचा. "बाबांच्या टायमाला मिलिटरीची यायची. फौजेची उरलेली. एक बार काढला का डोंगरापल्याड ऐकू जायचा." हे वाक्य लग्न होऊन या घरात आल्यापासून मी इतक्यांदा ऐकलंय, की आबा 'बाबांच्या' म्हणाले की पुढचं मी मनात म्हणून टाकते.

मग म्हसा गावच्या जत्रेत तो योग आला. मी घोंगड्या बघत होते आणि आबा बैलबाजारात फिरत होते. बैल काही घ्यायचा नव्हता, पण दात बघितल्याशिवाय त्यांना जत्रा झाल्यासारखी वाटत नाही. तासाभराने आले ते फुलून.

"काम झालं गो! उंबरमाळीकडचे एक सुभेदार भेटले, रिटायर झालेले. मी बोललो, आमाला दारू चांगली मिळत नाय. तर बोलले, मिलिटरीची हाय ना माझ्याकडं, घरी या, देतो."

"अशी कुणाच्याही घरातून घेता येते का, आबा?"

"परवाना नेतोय की बरोबर!"

पुढच्या रविवारी मी स्कूटर काढली. मागे आबा, स्वच्छ धुतलेला टोपी-सदरा, मांडीवर कोरडा करून घेतलेला पत्र्याचा डबा आणि खिशात प्लास्टिकच्या पिशवीत परवाना. किन्हवलीवरून शहापूर, तिथून हायवेने वर. रस्ताभर ते मला बजावत होते, "येताना सावकाश हां. खड्ड्यात आपटलीस तर दोघं उडून कसाऱ्यालाच उतरू."

सुभेदारांचं घर हायवेपासून आत, झाडीत होतं. उंचपुरा माणूस, पांढऱ्या मिशा. त्यांनी आम्हाला पडवीत खुर्च्या दिल्या, आबांच्या हातातला डबा बघितला आणि जरा थबकले.

"डब्यात नेणार?"

"मग कशात? झाकण गच्च बसतंय. कोरडी हाय ना पन?"

"कोरडीच मारता?" सुभेदारांचा आवाज आदराने भरला. "पाणी नाय घालत?"

"पानी?" आबा दचकले. "पानी लागलं का गेली वाया. मागच्या साली जरा भिजली तर मी उन्हात वाळत घातलेली."

माझ्या डोक्यात तिथेच उजेड पडला. मला बोलायला हवं होतं, पण पदराने तोंड झाकून मी अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत राहिले.

"एका टायमाला किती लागते तुमाला?" सुभेदारांनी चौकशी केली.

"थोडीच. जास्त झाली तर असा मागं धक्का देते, दोन दिवस खांदा धरतो."

"वयानं होतं तसं."

"आनी धूर लय निघतो."

"धूर?" सुभेदारांनी खुर्ची पुढे ओढली. "घरात कोन काय बोलत नाय?"

"बायको ओरडते. आवाजानं गाय बुजते बोलते."

"तुमी आवाज करता?"

"त्याच्यासाठीच तर घेतो!"

सुभेदार उठून आत गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. इकडे आबांनी परवाना उलगडून मांडीवर तयार ठेवला होता. कागद बघून सुभेदार म्हणाले, "ह्याला परवाना लागतो खरा, पन आमाला कोनी कधी विचारला नाय. तुमी लयच सरळ मानूस दिसता." आणि त्यांनी वर्तमानपत्र सोडलं. आत मिलिटरी कॅन्टीनची रम होती.

आबा बाटलीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मी हसू आवरायचं सोडून दिलं होतं. सुभेदारांनी परवाना हातात घेऊन वाचला, 'बंदूक' या शब्दावर आले आणि असे हसले की त्यांची बायको चुलीपुढून धावत बाहेर आली. तिला सांगेपर्यंत तीही हसायला लागली. एकटे आबा टोपी सारखी करत बसले होते.

"आमच्या घरात ही चालत नाय," ते एवढंच म्हणाले.

चहा झाल्यावर सुभेदारांनी त्यांना नीट सांगितलं. "अवो, फौजेत गोळी उडवली तरी रिकामं काडतूस परत मोजून द्यावं लागतं. बंदुकीची दारू बाहेर इकायला कोन देईल? आनी तुमच्या ठासणीची काळी दारू आमच्या रायफलीत नसतेच."

परतीच्या वाटेवर आबा खड्ड्यांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. किन्हवलीला वडापाव खायला थांबलो, तेव्हा वड्याकडे बघत म्हणाले, "मंजे बाबा खोटं बोलत व्हते?"

त्यांचा चेहरा बघून मी चेष्टा सोडली आणि त्यांच्यासाठी एक चहा सांगितला.

पुढच्या आठवड्यात मीच त्यांना कल्याणला नेलं. दुकान आता मुलगा बघतो, पण म्हातारे मालक कोपऱ्यात बसलेले असतात. आबांनी त्यांना सरळ विचारलं. मालक दात नसलेल्या तोंडाने हसले. "तुमच्या वडलांना मीच सांगायचो, मिलिटरीची आहे म्हणून. माल तोच. पण तसं म्हटलं की गिऱ्हाईक छाती काढून जायचं."

माझी खात्री होती, आता आबा भडकणार. ते तर खुशीत आले. "मंजे बाबा खोटं नाय बोलले!" असं मला दोनदा सांगून त्यांनी नेहमीची दारू घेतली, परवान्यावर नोंद करून घेतली आणि जाताना मालकांच्या पाया पडले.

सुभेदारांनी मात्र आमची पाठ सोडली नाही. महिन्याभरात ते बंदूक बघायला आले. आबांनी थाटात बार भरला, तर इतकी वर्षं फौजेत काढलेला हा माणूस गोठ्यामागे जाऊन कानात बोटं घालून उभा. बार दणक्यात झाला. धुरातून बाहेर येत सुभेदार म्हणाले, "ह्याच्यापरीस सरहद्द बरी." सासूबाईंना ते तेव्हापासून फार आवडतात.

आता ते वालाच्या दिवसांत येऊन राहतात. संध्याकाळी दोघे शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढतात, एक चहाची किटली घेऊन, आणि बोलत बसतात. सुभेदारांना हळू बोलता येत नाही आणि आबांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे दोघांची खुशाली सगळ्या गावाला कळते. डुकरं त्या बाजूला फिरकलेली नाहीत. यंदा वाल भरपूर आला. एक गोणी सुभेदारांच्या बायकोला द्यायचं ठरलंय, आणि ती उंबरमाळीला पोचवायची कुणी, हे मला कुणी विचारलेलंच नाही. स्कूटरवर पायाशी गोणी बसते का, हे आबा सकाळपासून मोजून बघतायत.