पप्पांनी घेतलेली ब्रिटनची परीक्षा

मी घर सोडलं त्या सकाळी आमच्या पडेगावात पाण्याचा टँकर आला. मुंबईला जाणारी गाडी दारात उभी होती, बॅगा डिकीत गेल्या होत्या, विहारात वंदना करून आम्ही नुकतेच परतलो होतो. निरोप द्यायला गल्लीतली दहा-बारा माणसं जमली होती. मावश्या डोळे पुसायच्या तयारीत होत्या. तेवढ्यात कोपऱ्यावरून हॉर्न ऐकू आला आणि क्षणात माझ्याभोवती कोणी उरलं नाही. त्या उन्हाळ्यात टँकरचा नेम नव्हता. आला की धावायचं, नाही आला की शेजाऱ्यांकडून घागर उसनी आणायची. परदेशी जाणारी मुलगी पुन्हा कधीतरी दिसली असती, टँकरचा भरवसा नव्हता. मला वाईट वाटलं नाही. मीसुद्धा सवयीनं पाईप आणायला वळले होते.

गाडीचा ड्रायव्हर उस्मानपुऱ्याचा होता. तो घड्याळ बघत म्हणाला, "दीदी, टाइम हो रा. निकलना क्या?"

पप्पा हौदापाशी पाईपचं तोंड दाबून उभे होते. सोडलं असतं तर पाईप उसळून बाहेर आला असता. त्यांनी दुसरा हात वर केला आणि ओरडले, "पोचल्यावर फोन कर. खिडकीतून डोकं बाहेर काढू नको." माझं वय तेव्हा चोवीस होतं. मम्मी तेवढी पळत आली आणि तिनं ओल्या हातानंच माझ्या डोक्यावरून हात फिरवला. शरणापूर फाट्यापर्यंत केस वाळले.

आमचं घर गुंठेवारीतलं. म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले प्लॉट, वर पक्की घरं, आणि महापालिकेच्या लेखी तिथं काहीच नाही. आजोबा पैठणकडच्या एका खेड्यातले. मोठ्या दुष्काळात ते गाव सोडून शहरात आले, उस्मानपुऱ्यात एका खोलीत राहिले, मिळेल ते काम केलं. पप्पा शिकले, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाले. तीस वर्षं एसटीनं पैठण तालुक्यात जाऊन-येऊन त्यांनी हा प्लॉट घेतला, घर बांधलं आणि मला इंग्रजी शाळेत घातलं. शहर आमच्या दिशेनं वाढत होतं. आधी रस्त्याच्या पलीकडे कॉलेज आलं, मग इमारती, मग दुकानांच्या पाट्या. घरं मात्र कागदावर येत नव्हती. दर एक-दोन वर्षांनी अफवा उठायची, जेसीबी येणार. सगळे मोर्चाला जायचे, जेसीबी यायचा नाही, आणि काही महिन्यांनी अफवा परत यायची.

मी ज्या शाळेत गेले तिथं मराठी बोललं की दंड होता. म्हणून मी दोन्ही भाषांत कमी बोलायला शिकले. आता इथं ब्रिटनमध्ये, लीड्सच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, तिथं ते खपून जातं. नमुने बोलत नाहीत. मशीन चुकलं तर दिवा लागतो. माणसांचं तसं नसतं, त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागतं, आणि ते मला लहानपणापासून जमतं. घरमालक "काही प्रॉब्लेम नाही ना?" असं कोणत्या सुरात विचारतो, यावरून भाडं वाढणार की नाही हे मी सांगू शकते.

तुमच्यातले जे इथं आलेत त्यांना सांगायला नको, पण घरी राहिलेल्यांना कदाचित माहीत नसेल: इथला व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की राहणं गेलं. माझ्या घरात वरच्या खोलीत केरळची जिन्सी राहायची. वृद्धांची काळजी घेणाऱ्या एका एजन्सीत ती कामाला होती. एजन्सीनं काहीतरी गडबड केली आणि सरकारनं एजन्सीचा परदेशी माणसं ठेवायचा परवाना काढून घेतला. चूक एजन्सीची, पण दोन महिन्यांत नवी नोकरी शोध नाहीतर देश सोड, हे पत्र आलं जिन्सीला. तिनं खूप अर्ज केले. शेवटी जाताना तिनं मला तिचा प्रेशर कुकर दिला आणि म्हणाली, "तू परीक्षा लवकर देऊन टाक. मी पुढच्या वर्षी देऊ म्हणत राहिले."

परीक्षा म्हणजे ब्रिटनमधल्या जीवनाची परीक्षा. आधी कायम राहण्याची परवानगी, मग वर्षभरानं नागरिकत्वाचा अर्ज, पण परीक्षा दोन्हींसाठी एकच. राजे, लढाया, संसद, सणवार, कोणत्या संताचा दिवस कधी, सगळं एका पुस्तकात. इथल्या लोकांना यातलं अर्धं येत नाही, हा विनोद मला लॅबमधला प्रत्येक जण सांगतो. मला धीर द्यायलाच सांगतात. पण ज्याला विचारलंच जाणार नाही त्याला न येण्याची चैन परवडते. पुस्तक आणलं त्या दिवसापासून मला झोप येईना. नापास झाले तर काय, याची भीती वाटायची. कधीकधी पास झाले तर काय, याचीही.

घरी मी फक्त "एक परीक्षा आहे" एवढंच म्हणाले होते. पप्पांना तेवढं पुरलं. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणाची परीक्षा घ्यायला मिळाली नव्हती. नोकरीत असताना ते शिष्यवृत्तीच्या मुलांचे जादा तास घ्यायचे, सकाळी शाळा भरायच्या आधी. त्यांनी मला पुस्तकाची पानं फोटो काढून पाठवायला लावली, आणि रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर तास सुरू झाला.

"आधी सोपे सोडवायचे," पप्पा म्हणाले. "अन् पहिलं उत्तर खोडायचं नाय. तू लई खोडती. चौथीतपण खोडलं होतंस."

"हो पप्पा."

"हा राजा घे. याची लग्नं किती?"

"सहा."

"सहा? अन् लोकांनी राजा म्हणून ठेवलं त्याला?"

मागून मम्मीचा आवाज आला, "सहा जणींनी कसं ठेवून घेतलं ते विचारा आधी."

त्या रविवारी मी कित्येक महिन्यांनी मोठ्यानं हसले. मला वाटलं, ही परीक्षा जमेल. पप्पा रंगात आले होते. संसदेची दोन सभागृहं त्यांना लगेच पटली, पण वरच्या सभागृहात निवडून न येता माणसं बसतात म्हटल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं. असे तीन-चार रविवार गेले. मग राज्यघटनेचं पान आलं.

"प्रश्न," पप्पांनी वाचलं. "युनायटेड किंगडमची राज्यघटना लिखित आहे. खरं का खोटं?"

"खोटं. ती एका जागी अशी लिहिलेली नाही."

त्यांनी चष्मा काढला. "लिहिलेलीच नाय?"

"कायदे आहेत, पप्पा. कोर्टाचे निकाल आहेत. बाकी प्रथा आहेत."

"प्रथा," पप्पा म्हणाले. आमच्या घरात हा शब्द कोणी कौतुकानं उच्चारत नाही. आजोबांच्या गावात पाणी कोणी, कुठून आणि कोणानंतर भरायचं, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. तीही प्रथाच होती. "प्रथेवर चालतो व्हय तो देश? मग उद्या कोणी तुला नाय म्हटलं, तर त्याला दाखवायचं काय?"

पप्पांच्या शाळेत परिपाठाला आपल्या राज्यघटनेची उद्देशिका म्हणायचे. मी घरी बोलायला लागले तेव्हा त्यांनी मला तीच पाठ करून घेतली होती, बाराखडीच्या आधी. आमच्या भिंतीवर एकच फोटो आहे, आणि तो राज्यघटना लिहिणाऱ्याचा आहे.

पप्पांनी चष्मा परत लावला. "या परीक्षेनंतर तू तिथली होणार का?"

"आधी राहायची परवानगी. नागरिकत्व नंतर, अर्ज केला तर."

"अन् इथलं?"

त्यांनी नागरिकशास्त्र शिकवलं होतं. उत्तर त्यांना माहीत होतं, फळ्यापाशी उभ्या केलेल्या मुलाला विचारतात तसं त्यांनी विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही.

"आपलं जातं, पप्पा. दोन ठेवता येत नाहीत."

"बरं," ते म्हणाले. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "फोटोतले तेपण लंडनला शिकले. परत आले." आणि फोन मम्मीकडे दिला.

पुढच्या रविवारी पप्पा विहारात मीटिंगला गेले होते. त्याच्या पुढच्या रविवारी बँकेत. रविवारी बँक बंद असते हे मम्मीच्या लक्षात आलं आणि ती स्वतःशीच हसली. "रागावले नाहीत गं ते, विचार करू राहिलेत," ती म्हणाली. "पण तू तरी काय. विचारलं की सगळं सांगून मोकळी. थोडं गोल बोलावं माणसानं."

एकटीचा अभ्यास होईना. वाचलेलं डोक्यात राहीना. बसमध्ये मी मनातल्या मनात पप्पांना समजावून सांगायचे आणि माझा स्टॉप निघून जायचा. परीक्षेची तारीख घेतली होती, ती जवळ येत चालली होती. शेवटी एका रविवारी मी मम्मीला म्हटलं, पप्पांना फक्त फोनसमोर बसव, ते बोलले नाहीत तरी चालेल.

ते बसले. मी जे बोलले ते इतकी वर्षं कोणाजवळ बोलले नव्हते. म्हटलं, "जेसीबीची बातमी आली की मी रात्री दप्तर उशाला घेऊन झोपायचे, आठवतं? पुस्तकं, कंपास, रंगाची पेटी, सगळं भरून. तुम्ही चेष्टा करायचात. पप्पा, मी इथं अजून तशीच झोपते. पोस्टमननं काही टाकलं की मी आधी पाकिटावर सरकारी शिक्का शोधते. वरच्या खोलीतली मुलगी काही न करता गेली. मला देश बदलायची हौस नाही. मला फक्त दप्तर खाली ठेवायचंय."

पप्पांनी फोन जवळ ओढला. मग त्यांनी एक वेगळंच विचारलं.

"तिथं मत देता येतं का तुला? आत्ता, आपल्याच पासपोर्टवर?"

"येतं. आपला देश राष्ट्रकुलात आहे म्हणून."

"किती वेळा दिलंस?"

"एकदाही नाही," मी म्हटलं. मी नावही नोंदवलं नव्हतं. उगाच कुठं आपलं नाव येऊ नये, कोणाच्या नजरेत भरू नये, असं वाटायचं.

पप्पा चिडले. पासपोर्टवरून चिडले नव्हते तेवढे चिडले. "एवढी वर्षं झाली अन् एकदाही नाय? तुझी आजी काठी टेकत जायची बूथवर. मत आहे, तर दप्तर कशाला उशाला घेती? आधी नाव घाल. मग परीक्षेचं बघू." आणि तशाच चिडलेल्या आवाजात, "हं, पुस्तक उघड. वेल्सच्या संताचा दिवस कधी?"

परीक्षा मी दिली. केंद्रावर बाह्या वर करायला लावल्या, चष्मा उलटसुलट करून पाहिला. पहिलं उत्तर मी एकदाच खोडलं. बाहेर पाऊस होता, छत्री लॉकरमध्येच विसरून मी बस स्टॉपवर उभी होते. पास झाल्याचा ईमेल आला तेव्हा मला आनंद व्हायला बराच वेळ लागला. काही महिन्यांनी कायम राहण्याची परवानगीही मिळाली.

मधल्या काळात कौन्सिलची, म्हणजे इथल्या महापालिकेची, निवडणूक आली. एका प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये मतदान होतं, भिंतीवर मुलांनी काढलेले डायनासोर. टेबलामागच्या बाईंनी ओळखपत्र मागितलं. मी आपला पासपोर्ट पुढं केला, तीन सिंहांचा. माझी खात्री होती की त्या कोणाला तरी बोलावतील. त्यांनी फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, पट्टीनं नावावर रेघ मारली आणि मतपत्रिका दिली. बस, एवढंच. आत दोरीला बांधलेली पेन्सिल होती. फुली मारताना मी घाई केली आणि फुलीची एक बाजू लांब झाली.

घरी येऊन फोन केला. "बोट दाखव," पप्पा म्हणाले.

"इथं शाई नाही लावत. पेन्सिलनं फुली मारायची."

"पेन्सिल? अन् कोणी खोडलं मग?" ते फार अस्वस्थ झाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं, आमच्या मुलीनं विलायतेत मत दिलं.

परवानगी मिळून आता वर्ष होऊन गेलंय. पडेगावचं घर मागच्या वर्षी महापालिकेत नियमित झालं, त्याचे कागद पप्पांनी मला कॅमेऱ्यासमोर एकेक करून दाखवले. तिकडं जमलं. माझा नागरिकत्वाचा अर्ज भरून तयार होता आणि मी तो पाठवत नव्हते. दर रविवारी वाटायचं आज विचारू, आणि राहून जायचं. गेल्या रविवारी विचारलं. "पप्पा, पाठवू ना?"

ते म्हणाले, "पासपोर्टचं काय करतात?"

"आपल्या वकिलातीत परत द्यायचा. ते रद्द करतात, आणि तसं लिहून देतात."

"लिहून?"

"हो. सही-शिक्क्याचं."

"बघ," पप्पा म्हणाले, "तुझे आजोबा गाव सोडून निघाले तेव्हा गावातल्या एकानंसुद्धा मान वर करून बघितलं नाय. होते तरी काय अन् गेले तरी काय. अन् तू निघालीस तर भारत सरकार रीतसर लिहून देणार, की ही आमची होती. दोन पिढ्यांत एवढं झालं." ते हसायला लागले, आणि मग चष्मा पुसत बसले. मम्मीनं फोन घेतला नाही, तीही नुसती शेजारी बसून राहिली.

मी कुठली, असं इथं कोणी विचारलं की मला अजून नीट सांगता येत नाही. घर कुठं, हे मात्र आता सांगू शकेन. कारण शेवटी पप्पा म्हणाले, "पाठव अर्ज. अन् ते सही-शिक्क्याचं येईल ना, ते तिथं कुठं ठेवू नको, तुझं घर भाड्याचं. इकडं पाठव. मी लॅमिनेट करून कपाटात ठेवतो, घराच्या कागदांजवळ."